विहिरीपासून वीस पावलं

डाळ शिजेना, तेव्हा मी आधी वाण्याला शिव्या घातल्या. दोन तास चुलीवर रटरटून दाणा टणक तो टणकच. ‘मेल्यानं जुनी डाळ गळ्यात मारली’ असं म्हणत मी ते पातेलं फडक्यानं उचललं, तसंच त्याच्या दुकानापर्यंत नेलं आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्याच्या फळीवर आदळलं. तो बिचारा सांगत राहिला, “वहिनी, ह्याच पोत्यातली डाळ अख्ख्या पेणनं नेलीय.” मी ऐकते कसली! माझं तोंड तेव्हाही असंच होतं, आधी ते सुटायचं, मग डोकं चालायचं. डाळीचा काही दोष नव्हता. दोष पाण्याचा होता, आणि ते पाणी मी नासवलं होतं.

पण तो दिवस नंतरचा. आधी आमची वस्ती कशी होती ते सांगते.

बाजाराच्या बाजूनं येणारा नाला जिथं नदीला मिळतो, तिथं उतारावर आमची चाळीसेक घरं होती. कुडाच्या भिंती, वर पत्रा. सगळी माणसं धरमतरच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावांतली. गावाकडं खाडी अडवणारा बांध फुटला, भाताच्या जमिनीत खारं पाणी शिरलं, आणि हातावर पोट घेऊन सगळी पेणला आली. बायका घरकामाला जायच्या. पुरुष कुणी गणपतीच्या कारखान्यात प्लास्टरची पोती वाहायचे, कुणी जेट्टीवर हमाली करायचे. माझा नवरा रोह्याला एका कंपनीत कंत्राटावर होता. रोह्याजवळच्या अष्टमी गावात चौघांत खोली करून राहायचा. रविवारी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि सोमवारच्या शिफ्टला जायचा.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. बाजारात घरोघरी केबल आली होती, एसटीडीच्या बूथवर रांगा लागायच्या, आणि आमच्याकडं दर अमावस्या-पुनवेला काय यायचं? उधाण. खाडीचं पाणी नदीतून वर चढायचं, नाल्यात घुसायचं, आणि नाला आपलं सगळं घेऊन आमच्या घरात यायचा. सगळं म्हणजे काय काय, ते मी लिहीत नाही. चूल खाटेवर ठेवायची, पोरं खाटेवर ठेवायची, आणि आपण गुडघाभर घाणीत उभं राहून पाणी उतरायची वाट बघायची. माझी धाकटी दोन पावसाळे खरजेनं सडली. तिच्या बोटांमधलं मांस दिसायचं. मी तिला धरून रडायची, आणि पुढच्या पुनवेला परत तेच.

त्या सगळ्या नरकात एकच चांगली गोष्ट होती, चाचीची विहीर. वस्तीच्या वरच्या अंगाला चाचीचं कौलारू घर होतं. चाचीचा नवरा गेलेला, मुलगा आखातात, मुलगी अष्टमीला दिलेली. परसात विहीर, आणि त्या विहिरीला फाटक नव्हतं. चाळीस घरं तिथं पाणी भरायची. मुलगा फोनवर ओरडायचा, कुंपण घाल, जागा विकून टाकू. चाची बूथवरून येताना मला सांगायची, “म्हनतो पानी बंद कर. मी काय ते पाडलंय, मी बंद करू?”

आणि ते पाणी! असं गोड पाणी मी नंतर कुठं प्यायले नाही. डाळ अर्ध्या तासात लोणी व्हायची. चाचीला तर त्या पाण्याचं वेडच होतं. लेकीकडं अष्टमीला निघाली की बरोबर पाच लिटरचा कॅन असायचाच. कंडक्टर हसायचा, “चाची, रोह्याला नदी हाय की!” ती म्हणायची, “असू दे. चहा माझ्या पान्याचा.” डोळे मिटून घोट घेतला तरी आपल्या विहिरीचं पाणी कोणतं ते ती ओळखायची. आम्ही बायका मुद्दाम बाजारातल्या नळाचं पाणी देऊन तिची परीक्षा घ्यायचो. कधी चुकली नाही. मी लग्न होऊन वस्तीत आले तेव्हा मला पहिली कळशी तिनं स्वतः शेंदून दिली होती आणि म्हणाली होती, “आजपासून तू माझी पोर.” माझी आई मी लहान असतानाच गेली होती. त्यामुळं ते वाक्य मी फार गांभीर्यानं घेतलं.

एका साली एका संस्थेचे साहेब वस्तीत आले. खादीचा झब्बा, खांद्याला पिशवी. चाचीच्या अंगणात आम्हाला बसवून त्यांनी शाश्वत विकास समजावला, मग लोकसहभाग समजावला. बाया माना डोलवत होत्या आणि पदराआड जांभया देत होत्या. मला राहवेना. मी उठले. म्हटलं, “साहेब, लोकसहभाग आम्हाला काय शिकवता? आमच्या गावाला बांध फुटून खांड पडली की घरटी एक माणूस फावडं-टोपली घेऊन जातो. सुतकातला जातो, लग्नाच्या हळदीतला जातो. जो जात नाय त्याच्या घरच्या कार्याला कोणी पाय ठेवत नाय. आम्ही हितं आलो आणि ते विसरलो. आपण नाल्याच्या तोंडावर बांध घालू आणि उघाडी बसवू.”

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. भरतीला बाहेरचं पाणीच ते दाबून बंद करतं. ना माणूस लागतो ना वीज. साहेब वहीत भराभर लिहायला लागले. संस्था लाकूड आणि बिजागऱ्या देईल म्हणाले, अंगमेहनत तुमची. मी त्या दिवशी जमिनीवर नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाचा काही उपयोग झाला होता. घराघरात जाऊन मी माणूस मागितला. जो कुरकुरला त्याला दारात उभी राहून सोलला. चैत्र संपेपर्यंत चाळीस घरांनी हो म्हटलं.

उघाडी बसवायला मी गावाहून माझ्या बापाला आणलं. बाबाची हयात मिठागरात आणि बांधावर गेली होती. तो आला, ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी उतरला, चिखल बोटांत चोळून बघितला आणि म्हणाला, “हा नाय धरायचा. घाण हाय, प्लास्टिक हाय. बांधाला चिकण माती पायजे.” चिकण माती होती कुठं? चाचीच्या परसात. विहिरीच्या खालच्या अंगाला मोकळी जागा होती, तिथं कुदळ मारली की निळसर, लोण्यासारखी माती निघायची. आमच्या गावाकडं रीतच ती, बांधाच्या आतल्या बाजूची माती काढायची आणि बांधावर चढवायची. मागं जो खड्डा राहतो त्यात पावसाचं पाणी साठतं, दोन पावसाळ्यांत गोडं होतं, लोक त्यात मासे सोडतात.

बाबा त्या जागेपासून विहिरीपर्यंत चालत गेला. परत आला आणि मला बाजूला घेतलं.

“वीसच पावलं हायती गो.”

“मग?”

“आपल्याकडं विहीर डोंगराच्या पायथ्याला. बांधाच्या आत विहीर मी जन्मात बघितली नाय. हितली माती कशाला धरून बसलीय, मला नाय ठावं. हिला हात नको लावू बाय. वरच्या अंगाची लाल माती आण.”

लाल माती म्हणजे टेकडीच्या कडेला, पाऊण तासाची वाट. डोक्यावरून आणायची. बाया चार घरची धुणीभांडी करून यायच्या, पुरुष पाठ मोडून यायचे. उधाणाला आठ दिवस उरले होते. लाल माती म्हटलं असतं तर निम्मी माणसं दुसऱ्या दिवशी आली नसती. मला ठाऊक होतं, कारण मी त्यांना किती ओढून आणलं होतं ते माझं मला ठाऊक.

मी म्हटलं, “बाबा, तू उघाडीचं बघ. मातीचं मी बघते.”

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तो बिजागऱ्या ठोकायला गेला. मी कुणालाही काही बोलले नाही. चाचीला एवढंच विचारलं, “चाची, परसातली माती घेऊ ना?” ती म्हणाली, “घे की गो. शेवटी मलाच तिच्यात जायचंय, थोडी तू घे.”

पाच दिवस आम्ही राबलो. माणसांची रांग लावून मातीची ढेपळं हातोहात नाल्यापर्यंत गेली. चाची लिंबाचं सरबत करून कळशीनं वाटायची. ज्या बाया विहिरीवर एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या त्या शेजारी शेजारी उभ्या राहून गाणी म्हणत होत्या. खोटं कशाला बोलू, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे पाच दिवस होते. म्हणून तर ते आठवायचं मी टाळते.

उधाण दुपारी आलं. सगळी वस्ती बांधावर उभी. बाहेर पाणी चढत चढत आलं, उघाडीचं दार धप्पकन बसलं, आणि आत? आत कोरडं! हातभर उंच पाणी बांधाच्या पलीकडं फुगलेलं आणि अलीकडं आमच्या अंगणातली धूळ तशीच. एक म्हातारी त्या धुळीत बसून हात फिरवत रडत होती. साहेबांनी फोटो काढले. संस्थेच्या अंकात माझा फोटो आला. मग त्यांनी मला रोह्याला नेलं, नदीकाठच्या एका वस्तीत भाषण करायला. तिथल्या बायांना मी सांगितलं, माणसं एकत्र आली की कोणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. टाळ्या पडल्या. नवरा शिफ्ट टाकून ऐकायला आला होता. मागं उभा राहून हसत होता.

त्याच महिन्यात डाळ शिजेनाशी झाली.

वाण्याकडचा तमाशा करून मी घरी आले तर शेजारीण म्हणाली, तिचीही शिजत नाही. तिसऱ्या घरी तेच. मी परसात गेले. आम्ही मारलेल्या खड्ड्यात पाणी उभं होतं. पाऊस अजून पडला नव्हता, मग ते आलं कुठून? वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं. खारं. खड्ड्याच्या तळातून भरतीबरोबर खाडी वर येत होती.  तरी मी उठून साडी झटकली आणि पाणी भरणाऱ्या बायांना म्हटलं, “पावसाळा येऊ दे, मासे सोडू ह्यात.”

दुसऱ्या दिवशी चाचीनं बोलावलं. तिच्या चहाचं दूध फाटलं होतं. तिनं वाटीत विहिरीचं पाणी माझ्यापुढं केलं. “चाख गो जरा. माझी जीभ म्हातारी झाली का काय?”

मी चाखलं. मचूळ होतं. “मला तर काय नाय लागत,” मी म्हटलं.

पावसात ते सुधारलं. मी देवाला नारळ फोडला. बाया म्हणाल्या, बघ, उगीच घाबरलो. दिवाळी झाली, पाऊस सरला, आणि पाणी परत मचूळलं. शिमग्यापर्यंत ते तोंडात धरवेना. संस्थेच्या साहेबांनी एक जाणकार आणला. त्यानं खड्डा बघितला, विहीर बघितली आणि शांतपणे सांगितलं की ती चिकण मातीच इतकी वर्षं खाडीला विहिरीपासून अडवत होती. म्हणजे बांध तिथं आधीच होता. आम्ही तो खणून काढला आणि दुसरीकडं नेऊन घातला. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं नाही. त्यानंतर ते फारसे आलेही नाहीत, आणि त्यांनी येऊन तरी काय करायचं होतं?

मग आम्ही खड्डा बुजवला. कशानं? लाल मातीनं. जी माती आठ दिवसांत आणायची म्हणून मी तोंड मिटून बसले, तीच आम्ही दीड महिना डोक्यावरून आणली. विहीर दोनदा तळापर्यंत उपसली. मी कमरेला दोर बांधून आत उतरले, हातांनी गाळ काढला. वर आले तेव्हा बोटं सोललेली होती, आणि रात्रीतून जे पाणी झिरपलं ते तसंच. मेलेल्या माणसाला हाका मारल्यासारखं झालं ते सगळं.

पाण्यासाठी मग टँकर यायला लागला, घरटी दोन हंडे. ज्या बाया रांगेत गात होत्या त्या टँकरखाली एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. एकीचं डोकं फुटलं. गरोदर बाई हंडा घेऊन घसरली. माणसं कंटाळून निघायला लागली. एक घर निडीला स्टेशनाजवळ गेलं, दोन रोह्याला, एक परत गावाला, जिथं काही उरलं नव्हतं. आणि बांध? बांधाला एक चीर नाही. दर उधाणाला उघाडी इमानानं बंद व्हायची आणि रिकाम्या होत चाललेल्या घरांची अंगणं कोरडी राखायची. मला ती कुऱ्हाडीनं फोडावीशी वाटायची.

सगळ्यात वाईट म्हणजे मला कोणी बोललं नाही. “आपल्या नशिबात नाय,” म्हणायची माणसं. अरे, शिव्या द्या! मी वाण्याला दिल्या तशा द्या! पण त्यांना वाटायचं, आपण सगळ्यांनी मिळून केलं, चुकलं. गावाच्या रीतीनं केलं, रीतच इथं चालली नाही. मला एकटीला माहीत होतं की एका माणसानं आधी सांगितलं होतं. बाबा नंतर एकदाच आला. उघाडीच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, जेवला, निघाला. पाणी मात्र मागितलं नाही. पुढच्या थंडीत तो गेला.

चाचीचा मुलगा सुट्टीवर आला आणि त्यानं तिला अष्टमीला लेकीकडं ठेवायचं ठरवून टाकलं. निघताना तिनं सवयीनं कॅन उचलला, विहिरीपर्यंत गेली, थांबली, आणि तो रिकामा कॅन काठावर ठेवून रिक्षात बसली. मी तिथं उभी होते. तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

सहा-सात महिन्यांनी नवऱ्याकडं गेले होते तेव्हा तिथंच लेकीच्या घरी तिला भेटायला गेले. चाची खाटेला लागली होती. लेक दारातच कुजबुजली, “पानीच पीत नाय गो. डॉक्टर ओरडतात. म्हनते, हे पानी जिभेला लागत नाय.” आत गेले तर चाचीनं माझा हात धरला. हात कोरडा, हलका. पहिला प्रश्न तोच.

“विहीर गोडी झाली का गो?”

काय सांगू? तिचे ओठ फुटले होते. मी म्हटलं, “झाली चाची. ह्या पावसात झाली.”

तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. “मग डाळ शिजते?”

“अर्ध्या तासात.”

“मग मला एक बाटली आन. ते मी पीन.”

पेणला आल्यावर मी दोन दिवस विहिरीभोवती फिरले. विहिरीचं पाणी नेता येत नव्हतं. शेवटी बाजारातल्या नळाचं चांगलं पाणी फडक्यातून गाळलं, माठात रात्रभर ठेवलं, वाळा घातला, काढला, चाखलं, परत चाखलं. धुऊन वाळवलेल्या बाटलीत भरलं आणि एसटीनं निघाले. नागोठणं गेलं, निडी गेली, मी बाटली मांडीवर धरून बसले होते. माणसं हरल्यावर काय काय करतात, ते मला त्या दिवशी कळलं.

लेकीनं चाचीला उशीला टेकवून बसवलं. मी पेल्यात पाणी ओतून तिच्या ओठांना लावलं. तिनं डोळे मिटले. एक घोट घेतला, तोंडात धरला. फार वेळ धरला. मग गिळला आणि डोळे उघडले.

“ही आपली विहीर नाय, बाय.”

 ती रागावली नाही. भिंतीकडं बघत म्हणाली, “माती काढायच्या आधीच तुझ्या बापसानं मला येऊन सांगितलं होतं. म्हनाला, विहीर जवळ हाय, हितली माती काढू देऊ नको.”

 “मग? मग तू का नाय थांबवलंस?”

“कशाला थांबवू? मी त्याला म्हटलं, माझी पोर सगळं बघून करते. तिला काय वाटलं असतं तर ती मला बोलली असती.”

पेला तिनं हातानं माझ्याकडं सारला. अजून अर्धा भरलेला होता. खाटेवरची बाटली उचलून तिनं झाकण बसवायला घेतलं, पण हातात जोर नव्हता, झाकण फिरेना. तिनं ती बाटलीही माझ्यापुढं केली.

“घट्ट लाव गो,” म्हणाली, “जाताना सांडंल.”